दोन पहिले खर्डे

मंगरूळपीरच्या त्या बी.एड. कॉलेजात ‘आत्मभान आणि लेखन’ नावाचा वीस मार्कांचा विषय होता, आणि गेली कित्येक वर्षं एकाच मुलीचं आत्मभान दरसाल पस्तीस-चाळीस जणांच्या कामी येत होतं. ती मुलगी कोण होती, आता कुठे आहे, कोणालाच माहीत नव्हतं. तिची आजी वारली होती, त्या दुःखातून तिला शिक्षिका होण्याची प्रेरणा मिळाली होती, आणि तिची फाइल झेरॉक्सच्या दुकानात कायमची तयार असायची. दरवर्षी तीच आजी पस्तीस घरांत वारायची. कॉलेजालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग इढोळे सर आले आणि आजीचं मरण थांबलं.

सर माणूस वाईट नव्हते. तळमळीचे होते, आणि तळमळीच्या माणसापासून जरा जपूनच राहावं लागतं. त्यांचं ललित लेखांचं एक पुस्तक छापून आलेलं होतं. त्याच्या उरलेल्या प्रती स्टाफरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात होत्या, आणि वर्गात पाऊल टाकलं की ते फळ्यावर पहिलं वाक्य लिहायचे, ‘लेखन म्हणजे पुनर्लेखन.’ त्यांनी नियमच काढला. आयुष्यातला एक प्रसंग घ्यायचा आणि तो चारदा लिहायचा. पहिला खर्डा, दुसरा, तिसरा, आणि मग पक्का. शिवाय फाइल स्पायरलची चालणार नाही.

“स्पायरल काढून पानं बदलता येतात,” सर म्हणाले. “मी तुमच्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत. पानं दोऱ्यानं शिवून आणायची.”

शिवायचं म्हटल्यावर सगळ्या वर्गाच्या माना धम्मदीपाकडे वळल्या, कारण बस स्टँडसमोर तिच्या मोठ्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शटर, एक मशीन, पिको-फॉलचं एक यंत्र आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले ब्लाऊजचे कागदी साचे. बहिणीचं नाव रत्नमाला. दोघी रोज सकाळी इंझोरीहून एकाच एसटीनं यायच्या, एकाच सीटवर बसायच्या. स्टँडवर उतरून एक दुकानाकडे जायची, एक कॉलेजकडे. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं तशाच परत.

पहिल्या खर्ड्याच्या दिवशी सरांनी वर्गाचं दार लावून घेतलं. म्हणाले, “हा खर्डा माझ्यासाठी नाही. मी तो पाहणारही नाही, तपासणारही नाही. तो तुमचा. तुम्ही कधी तरी कोणाला तरी फसवलं असेल. जे आजवर कोणाला सांगितलं नाही ते लिहा, आणि लिहून घरी घेऊन जा.”

वर्गात थोडी खसखस पिकली. शेजारची ज्योत्स्ना, वर्गाची प्रतिनिधी, हळूच म्हणाली, “मी तं बाप्पा चोरून पानीपुरी खाल्ली तेच लिहितो.” धम्मदीपा हसली. मग तिनं कागद पुढे ओढला, आणि अर्धा तास त्या कागदाकडे नुसती पाहत राहिली. तिला ठाऊक होतं काय लिहायचं ते. तेवढं एकच होतं तिच्याजवळ. कोणी वाचणार नाही असं माणसानं छातीठोक सांगितलं, आणि ती फसली. पेन टेकवलं ते चार पानं झाल्यावरच उचललं. एका अक्षराची खाडाखोड नाही.

सहा वर्षांपूर्वीचा जून महिना. त्यांची माय लिलाबाई लकवा मारून खाटेला खिळली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. बाबा, म्हणजे जानराव, उजाडताच शेतावर जायचे. मायला उठवणं, बसवणं, तिचं अंग पुसणं सगळं रत्नमाला करायची. रत्नमाला त्या वर्षी बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के घेऊन पास झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. अकोल्याला हॉस्टेलवर राहायचं, पांढऱ्या कपड्यात वॉर्डातून फिरायचं, हे ती मायच्या उशाशी बसून मायलाच सांगायची. मायला बोलता येत नव्हतं, पण ती डोळ्यांनी हो म्हणायची.

फॉर्म ऑनलाइन होता आणि त्या दिवशी शेवटची तारीख होती. मायला ताप होता, म्हणून रत्नमालाला घर सोडता येईना. तिनं मार्कशीट, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीवर सेतू केंद्रवाल्या बाबूलालचा नंबर लिहिला, आणि धाकटीला मंगरूळपीरला पाठवलं. “ओटीपी माह्या मोबाइलवर येईन,” ती म्हणाली होती. “त्यानं मांगतला का मले फोन कर. मी मोबाइल हातातच धरून बसतो.”

धम्मदीपा तेव्हा सतरा वर्षांची, अकरावी झालेली. एसटीच्या तास-सव्वा तासात तिनं एक साधा हिशोब केला. ताई अकोल्याला गेली तर मायला कोण उचलणार? घरात तिसरी बाई नव्हती. ताई गेली तर आपली बारावी गेली, आणि बारावीबरोबर पुढचं सगळं गेलं. स्टँडवर ती उतरली. समोर बाबूलालचं केंद्र दिसत होतं, दारात पोरापोरींची रांग. ती रांगेत उभी राहिली नाही. स्टँडच्या बाकावर बसली. वाशिमची गाडी गेली, कारंजाची गेली, अकोल्याची गेली. अकोल्याच्या गाडीकडे तिनं पाहिलंही नाही. तीन तास ती पिशवी मांडीवर घेऊन बसून होती, आणि मग घरी गेली आणि म्हणाली, “सर्व्हर डाऊन होतं, ताई. कोनाचाच फॉर्म नाही भरला.”

रत्नमाला ओट्यावर बसलेली होती. मोबाइल तिच्या हातातच होता.

पुढच्या वर्षी पाहू, असं बाबा म्हणाले. पुढचं वर्ष धम्मदीपाच्या बोर्डाचं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी माय गेली. तोवर रत्नमाला शिवणक्लासला जाऊ लागली होती. खर्ड्याचं शेवटचं वाक्य धम्मदीपानं असं लिहिलं, ‘ताईला हे आजपर्यंत माहीत नाही.’

घरी जाऊन तिनं ती चार पानं वाचली आणि तिला एक लाजिरवाणी गोष्ट कळली. लेखन चांगलं झालं होतं. ओट्यावर मोबाइल धरून बसलेली ताई अशी काही उतरली होती की वाचताना तिचं तिलाच रडू आलं, आणि रडता रडता तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. पोरगी काही दगडाची नव्हती. पण दोन्ही एकदम वाटलं हे खरं आहे, आणि ते लपवून काही उपयोग नाही.

दुसरा खर्डा सर वाचणार होते, तेव्हा त्यात बाक गेला. त्याजागी ‘मी उशिरा पोहोचले, रांग फार मोठी होती’ असं आलं. सरांनी समासात लाल पेनानं लिहिलं, ‘अपराधी भाव आहे, पण अपराध कुठाय? वाचकाला पटत नाही.’ आता ह्याला काय उत्तर द्यायचं? सरांची नजर मात्र तेज होती, एवढं मानलं पाहिजे. अपराध खरंच नव्हता त्यात, तो तिनं काढून ठेवला होता.

तिसऱ्या खर्ड्यात मग अपराधी भावही गेला. तिसऱ्या खर्ड्यात सर्व्हर खरोखरच डाऊन झालं. बाबूलालच्या दुकानासमोर शंभर पोरं ताटकळली, पडद्यावरचं चाक गोल गोल फिरत राहिलं, आणि धाकटी बहीण रिकाम्या हातानं परतताना एसटीच्या खिडकीशी रडली, आणि तिथेच तिनं ठरवलं की आपण शिक्षिका व्हायचं आणि खेड्यातल्या एकाही मुलीचा फॉर्म राहू द्यायचा नाही. सरांना हा खर्डा इतका आवडला की त्यांनी तो उभं राहून वर्गाला वाचून दाखवला.

“आता जमलं,” ते म्हणाले. “ग्रामीण भागातलं डिजिटल वास्तव. हा वार्षिकांकात घेऊ. बघा, पुनर्लेखनानं माणूस कुठून कुठे जातो.”

टाळ्या पडल्या. धम्मदीपाची मान खाली होती, ते सगळ्यांना नम्रपणा वाटला.

पक्का खर्डा मग काय, तोच, फक्त चांगल्या अक्षरात. हे सगळं असंच पार पडलं असतं. पण तोंडी परीक्षेच्या आठ दिवस आधी वरून पत्र आलं की बाहेरच्या परीक्षकांना पहिल्यापासूनचे सगळे खर्डे दिसले पाहिजेत. पहिलासुद्धा. सरांनी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. कोणी पाहणार नाही म्हणून शब्द दिला होता, तो मोडला जातोय हे त्यांना कळत होतं. पण पत्र ते पत्र.

वर्गाला त्याचं काहीच सुतक नव्हतं, कारण बहुतेकांचा पहिला खर्डा अस्तित्वातच नव्हता, त्या दिवशी वर्गात त्यांनी नुसता वेळ काढला होता. त्यांनी आधी पक्का लिहिला होता. आता आठवडाभर सगळा वर्ग पाठीमागे बसून पक्क्यावरून कच्चा तयार करण्याच्या उद्योगाला लागला. चांगलं वाक्य लिहायचं, ते थोडं बिघडवायचं, मग त्यावर काट मारायची. ज्योत्स्नानं तर तीन रंगांची पेनं आणली होती. एका पानावर तिनं चहाचा डागही पाडला. “असली वाटलं पाह्यजे,” ती म्हणाली.

धम्मदीपानंही दुसरा पहिला खर्डा लिहिला. सर्व्हर डाऊनवाला. त्यात मुद्दाम शुद्धलेखन चुकवलं, दोन जागी रेघोट्या मारल्या. वर्गात एकट्या तिच्याजवळ खरा पहिला खर्डा होता, आणि तिनंही खोटा बनवला. खरा फाडून टाकायचा होता. चुलीपाशी दोनदा नेला, दोनदा परत आणला. फाडवेना. कारण तेवढं एकच चांगलं लिहिलं होतं तिनं आयुष्यात. ताईला फसवणं जमलं होतं, पण चार पानं फाडणं जिवावर येत होतं. तिनं तो घडी घालून फाइलीच्या खाकी पाकिटात तळाशी ठेवला, नंतर बघू म्हणून.

गुरुवारी फाइली जमा करायच्या होत्या. एसटी उशिरा पोहोचली, पहिला तास गाठायचा होता, म्हणून धम्मदीपानं उभ्या उभ्या पाकीट दुकानात टाकलं. रत्नमालापुढे आधीच अकरा जणींच्या पानांचा ढीग होता. ती दाभणात जाड दोरा ओवत होती.

“पक्का वरती का खाली?” तिनं विचारलं.

“खाली. पयला वरती,” धम्मदीपा म्हणाली, आणि पळाली.

तिसऱ्या तासाला, मूल्यमापनाच्या मॅडम फळ्यावर तक्ता काढत असताना, तिला पाकिटाचा तळ आठवला. मॅडमची परवानगी न घेताच ती उठली आणि बस स्टँडपर्यंत जवळजवळ धावत गेली. दुकानात ढीग नव्हता. रत्नमाला मशीनवर कोणाच्या तरी ब्लाऊजची बाही लावत होती.

“फाइली?”

“झाल्या. ज्योत्स्ना आत्ताच घेऊन गेली.”

“ताई, माह्या पाकिटात...”

“तुहा पयला खर्डा दोनदा होता,” रत्नमाला म्हणाली. मशीन चालूच होतं. “एक शिवला. एक उरला.”

“कोनता शिवला?”

“कच्चा पाह्यजे होता ना? ज्याच्यात खाडाखोड होती तो शिवला.”

धम्मदीपाचा जीव भांड्यात पडला. खाडाखोड खोट्यातच होती. खऱ्यात एक काटही नव्हती. “अन् उरलेला?”

“कापला. बाहीचा साचा पाह्यजे होता, कागद चांगला जाड होता तुहा.” तिनं मानेनंच मागच्या खिळ्याकडे दाखवलं. तिथं पाच-सहा साचे एकावर एक टांगलेले होते. धम्मदीपानं तिकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. जे आपल्या हातानं झालं नाही ते ताईच्या कात्रीनं परस्पर झालं, ह्याचंच तिला हायसं वाटलं. ताई काही वाचत नाही, शिवायचं म्हणून शिवते, असं तिनं मनाशी म्हटलं. बारावी सायन्सला एकाहत्तर टक्के घेतलेल्या बाईबद्दल तिला असं वाटलं. चार-पाच वर्षं माणूस मशीनवर बसलेला पाहिला की त्याला अक्षरं येत होती हेही लोक विसरतात.

सोमवारी तोंडी परीक्षा होती. परीक्षक वाशिमहून आले होते, निवृत्तीला टेकलेले, आणि सकाळपासून बावीस फाइली पाहून त्यांचे डोळे जड झाले होते. टेबलावर कचोरीची रिकामी प्लेट होती. शेजारी इढोळे सर ताठ बसले होते, जणू परीक्षा त्यांचीच होती.

“लेखनप्रक्रियेतून तुम्ही स्वतःबद्दल काय शिकलात?” परीक्षकांनी फाइल उघडता उघडता विचारलं.

उत्तर पाठ होतं. “सर, लेखनप्रक्रियेतून आत्मपरीक्षण घडते, आत्मपरीक्षणातून आपल्या उणिवांची जाणीव होते, आणि त्या दूर करून व्यक्तिमत्त्वाचा विकास...”

“हं, हं,” परीक्षक म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. ते जरा पुढे वाकले. “अहो सर, हा बघा. हा खरा कच्चा खर्डा दिसतो. बाकी पोरींनी नुसती रांगोळी काढून ठेवलीय. ह्यात चार पानांत एकच काट आहे, पण कशी जागेवर आहे बघा.”

धम्मदीपाला वाटलं, चार पानं? खोटा तर अडीच पानांचा होता.

“आणि दुसऱ्या पेनानं,” परीक्षक बोलत होते. त्यांना आता हुशारी आली होती. “म्हणजे हिनं आधी लिहिलं, मग काही दिवसांनी परत येऊन स्वतःलाच दुरुस्त केलं. सर, ह्याला म्हणतात चिंतन. असं शिकवायला पाहिजे.” इढोळे सरांचा चेहरा फुलला. तो खर्डा त्यांनीही कधी पाहिला नव्हता, आणि आताही ते परीक्षकांच्या तोंडाकडेच पाहत होते. परीक्षकांनी फाइल तिच्याकडे वळवली. “हे बाबूलाल कोण?”

तिनं पाहिलं. तिचंच अक्षर, तीच चार पानं, पांढऱ्या जाड दोऱ्यानं समासात घट्ट शिवलेली. शेवटच्या पानावर शेवटचं वाक्य, ‘ताईला हे आजपर्यंत माहीत नाही.’ त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती, पट्टी लावून मारतात तशी. आणि वरती हिरव्या पेनानं, ज्या पेनानं दुकानातल्या वहीत छाती, कंबर, बाही अशी मापं लिहिली जातात त्या पेनानं, लिहिलं होतं, ‘माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी बाबूलालभाऊंना फोन केला होता.’

“बाबूलाल कोण?” परीक्षकांनी पुन्हा विचारलं.

“सेतू केंद्रवाले,” ती म्हणाली.

“वा. बारकावा आहे,” परीक्षक म्हणाले, आणि त्यांनी एकोणीस मार्क टाकले.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. धम्मदीपा दारात उभी राहिली. खिळ्यावरचे साचे आज तिनं नीट पाहिले. सगळ्यात वरचा बाहीचा होता, वर गोल कापलेला, आणि त्यावर तिच्याच अक्षरात, मुद्दाम चुकवलेल्या शुद्धलेखनात, शंभर पोरं बाबूलालच्या दुकानासमोर ताटकळत होती.

“किती भेटले?” रत्नमालानं विचारलं.

“एकोणीस.”

“एक काहून कापला?”

“पक्क्या खर्ड्यात पयल्यासारखा जीव नाही म्हने.”

रत्नमालानं मान हलवली, परीक्षकाचं पटल्यासारखी. तिनं बाहीची शिलाई संपवली, दोरा तोडला, आणि मग मशीन थांबवलं.

“तुले माहीत होतं,” धम्मदीपा म्हणाली.

“हो.”

“तवापासून?”

“दुसऱ्या दिवशी फोन केला मी. म्हटलं, भाऊ, सर्व्हर चालू झालं का, तारीख वाढली का. तं ते म्हने, पोरी, सर्व्हर बंद कवा होतं? काल तं चहा प्यायले फुरसत नव्हती, साठ फॉर्म भरले.” रत्नमाला हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट सांगावी तसं. “मी म्हटलं, बरं. अन् ठेवून देल्ला.”

“मंग काहून नाही बोलली मले?”

“तू सांगशीन म्हून. मायचं आंग पुसता पुसता तुह्याकडं पाहू मी. म्हटलं, आज सांगन, उद्या सांगन. तुही बारावी झाली तवा वाटलं, आता सांगन. माय गेली, तू माह्या गळ्यात पडून रडली, तवा तं पक्कं वाटलं का आता सांगतेच हे. नाही सांगतलं तू. मंग मी वाट पाहनं सोडून देल्लं.”

“पुढच्या सालचा फॉर्म भरता आला असता तुले,” धम्मदीपा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच कळलं की आपण अजूनही स्वतःची बाजू मांडतो आहोत.

“अन् मायले कोनं उचललं असतं? तू?” रत्नमालानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. “तू त्या लाइनीत उभी नाही राह्यली, तवाच समजलं मले का मायपाशी मलेच राहा लागते. तुह्या भरोशावर तिले टाकून गेली असती तं ती चार महिन्यांत मेली असती.”

धम्मदीपा स्टुलावर बसली.

“मले त्या फॉर्मचा राग नाही आता,” रत्नमाला म्हणाली. “होता. लय होता. पन तो मेला, मायच्या आंदीच मेला. मले राग ह्याचा हाये का सहा वर्सं आपुन एका घरात राहून राह्यलो, एका ताटात जेवून राह्यलो, रोज एसटीत तू माह्या खांद्यावर मान टाकून झोपून राह्यली. अन् सांगतलं तं कोनाले? कागदाले. वीस मार्कासाठी.”

“तो मी कोनाले दाखवनार नव्हती, ताई.”

“तेच तं.”

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. धम्मदीपाला बोलायचं होतं. तिच्या डोक्यात वाक्यं भराभर येत होती. ताई, माझ्या हातून जे घडलं त्याला क्षमा नाही. नाही, हे जड झालं. ताई, त्या दिवशी मी फक्त सतरा वर्षांची होते. ह्यात स्वतःचा बचाव आहे, सरांनी लाल रेघ मारली असती. ताई, त्या बाकावर बसून मी तुझं आयुष्य... हे बरं होतं, पण हे तर वार्षिकांकातलं वाटत होतं. एकेक वाक्य ती मनात उलटून पालटून बघत होती, आणि बघताना तिला स्वतःची किळस आली, कारण ह्या घडीलासुद्धा ती चांगलं वाक्य शोधत होती. वर्षभर हेच शिकली होती ती. चारदा लिहायला शिकली, आणि एकदा सांगायचं राहून गेलं.

रत्नमाला थांबली होती. हात मांडीवर, पाय मशीनच्या पायट्यावर.

“बोल ना,” ती शेवटी म्हणाली. “का हेबी आंदी लिहून पाहा लागते?”

तेवढ्यात एक बाई पिकोसाठी साडी घेऊन आली. रत्नमालानं साडी उलगडली, पदर कोणता ते विचारलं, आणि यंत्राकडे वळली. धम्मदीपा स्टुलावरच बसून राहिली. पाच वाजता रत्नमालानं केर काढला, पंखा बंद केला, शटर ओढलं. कुलूप लावताना तिनं धाकटीला पिशवी धरायला दिली, रोज देते तशी.

साडेपाचच्या गाडीत नेहमीचीच सीट मिळाली. कंडक्टर आला तेव्हा रत्नमालानं दोन इंझोरी सांगितलं आणि डोकं खिडकीला टेकवून डोळे मिटले. धम्मदीपानं तिच्या खांद्यावर मान टाकली नाही. ती समोरच्या सीटच्या फाटक्या रेग्झिनकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. इंझोरीचा फाटा आला तेव्हा ती तिसऱ्या खर्ड्यावर होती.